खात्रीचा टेकू

काशीराम घाडी चांगला माणूस आहे, असं घाटकोपरात कुणी कधी म्हटल्याचं ऐकिवात नाही. चांगला मिस्त्री आहे, असं मात्र सगळे म्हणत, तेही दातओठ खाऊन. रेल्वे फाटकापलीकडे, मिठागरांकडे जाणाऱ्या वाटेवर त्याची पत्र्याची शेड होती. खिडक्यांचे गज, कंपाउंडचे दरवाजे, लोखंडी खाटा, झोपाळ्याच्या कड्या असलं काय काय तो बनवायचा. त्याआधी परळच्या एका गिरणीत पंधरा वर्षं फिटर होता. तिथे जॉबरशी, म्हणजे खात्याच्या मुकादमाशी, भांडला आणि बाहेर पडला. का भांडलास, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "तो समोर होतो म्हणान."

त्याची एक खोड होती. वस्तू तयार झाली की गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी तो ती मोडायला बघायचा. खाट असेल तर बूट घालून तिच्यावर उड्या मारायचा. झोपाळ्याची कडी असेल तर भंगार भरलेलं पोतं तिला टांगायचा आणि ते उंचावरून सोडायचा. वस्तू टिकली तर "घेवन जावा" एवढंच बोलायचा आणि पाठ फिरवायचा. दुसऱ्याने केलेली वस्तू दिसली तरी त्याचा हात आवरत नसे. एका डॉक्टरांकडे दरवाजा बसवायला गेला, तेव्हा दिवाणखान्यातली खुर्ची सहज दाबून बघितली आणि तिचा पाय हातात घेऊन उभा राहिला. "बघा, माणूस पडलो असतो," असं वर डॉक्टरांनाच ऐकवलं. ती खुर्ची त्यांच्या सासऱ्यांनी लग्नात दिलेली होती.

लोक म्हणायचे, एवढा अविश्वास उगाच येत नाही, याच्या डोळ्यांदेखत कधीतरी काहीतरी भयंकर मोडलं असणार. छे! काही मोडलं नव्हतं आणि कुणी मेलं नव्हतं. जन्मतःच काही माणसं तिरकी असतात, त्यातला तो एक. त्याचा जगातल्या कुणाच्याही हातावर विश्वास नव्हता, फक्त स्वतःच्या होता. आता स्वतःच्या कामावर विश्वास होता तर ते मोडून का बघायचा, असं विचाराल. तर ते तो स्वतःसाठी बघत नसे. गिऱ्हाइकाला दाखवायला बघायचा.

पंचावन्न सालच्या श्रावणात मधुकर गुप्ते त्याच्या शेडीत आला. हा फोर्टातल्या एका विमा कचेरीत नोकरीला, वय तिशीचं, अंगाने चांगला भरलेला. स्टेशनच्या पश्चिमेला वडिलांनी बांधलेल्या घरात तळमजल्यावर राहायचा. त्याला वजनं उचलण्याचा नाद होता. तालमीतली लाल माती आणि जोर-बैठका त्याला गावंढळ वाटायच्या. फोर्टातल्या फुटपाथवर त्याला एक अमेरिकन मासिक मिळालं होतं आणि त्यातल्या चित्राबरहुकूम मागच्या व्हरांड्यात घरच्या घरी व्यायामशाळा थाटायची, असं त्याने ठरवलं होतं. दांडा आणि थाळ्या आणून झाल्या होत्या. आता बाक आणि स्टँड हवं होतं.

"हे बघा मिस्त्री," मासिक उघडून तो म्हणाला, "बाकावर उताणं झोपायचं आणि दांडा छातीवरून वर उचलायचा. हे दोन उभे खांब. त्यांच्यातून पुढे आलेले हे दोन टेकू आहेत ना, ते महत्त्वाचे. हात थकले आणि दांडा सुटला, तर तो गळ्यावर न येता या टेकूंवर अडकला पाहिजे."

काशीरामने चित्र हातात घेतलं नाही. लांबूनच बघितलं. "हात थकतले ह्या आधीच ठाऊक आसा, तर उचलूचो कित्याक?"

"तुम्हाला करायचंय की नाही?"

"किती रत्तल?"

"दीडशे. पुढे दोनशे."

मग त्याने चित्र ओढून घेतलं आणि बराच वेळ बघत बसला. टेकू कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताएवढे लांब होते, आणि खांबाला नुसते एका टोकाशी चिकटवलेले. काशीराम म्हणाला, खालून तिरका आधार द्यायला हवा. मधुकर म्हणाला, चित्रात नाही. काशीराम म्हणाला, चित्र काढणारा त्याच्याखाली झोपलेला नाही. मधुकर म्हणाला, अमेरिकेतल्या लोकांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. इथून जी जुंपली ती आठवडाभर चालली. मधुकर कचेरीतून परतताना रोज वाकडी वाट करून फाटकापलीकडे यायचा, दोघे शेजारपाजारच्या लोकांना ऐकू जाईल असं भांडायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. शेवटी काशीराम म्हणाला, "ठीक. आधार नको तर नको. मगे सगळो भार सांध्यार. आणि सांधो घाडीचो आसा म्हणान वाचशात." मधुकरला जिंकल्यासारखं वाटलं, काशीरामलाही तसंच वाटलं. दोघांचंही खरं नव्हतं.

काम नवरात्रात निघालं. डावा टेकू जोडायला घेतला त्या दिवशी वीज धड नव्हती. दिवा मध्येच मंदावायचा, वेल्डिंगचा रॉड लोखंडाला चिकटून बसायचा, काशीराम विजेच्या सात पिढ्या उद्धारायचा आणि चिकटलेला रॉड उपटून काढायचा. तीनदा तो सांधा त्याने घासून काढला आणि तीनदा पुन्हा भरला. शेवटी झाला तो ओबडधोबड, गाठाळ, लहान पोराने चिखल थापावा तसा. उजव्याच्या वेळी मात्र वीज सरळ होती. मधुकरने सकाळीच कचेरीच्या शिपायाबरोबर चिठ्ठी पाठवली होती, 'चित्राप्रमाणेच करावे, स्वतःची अक्कल घालू नये.' ती वाचून काशीरामच्या मस्तकात तिडीक गेली आणि त्याच तिडिकीत त्याने उजवा टेकू एका बैठकीत जोडून टाकला. सांधा असा उतरला की बघत राहावं. माशाची खवलं जशी एकावर एक बसतात, तसा. काशीरामने बायकोला हाक मारून तो दाखवला.

डावा त्याच्या मनात बसेना. त्याने ठरवलं, अष्टमीच्या संध्याकाळी दोन्ही टेकूंवर पोतं सोडून बघायचं. डावा तुटला तर दसऱ्यानंतर नवा करायचा. मधुकरला कळायचंही कारण नाही. अष्टमीला दुपारी तो रॉड आणायला कुर्ल्याला गेला, तेवढ्यात मधुकर हातगाडी घेऊन आला आणि स्टँड, बाक, सगळं उचलून घेऊन गेला.

"कोणाक इचारून दिलंस?" परत आल्यावर काशीराम बायकोवर गरजला.

त्याची बायको वनमाला त्याच्या आवाजाला घाबरणारी नव्हती. वीस वर्षं तिने तो ऐकला होता. "उद्या खंडेनवमी. नयी वस्तू, घराक नेवन पुजूची म्हणालो. पुजूक नेताना नाय म्हणू? आमी आपली हत्यारां पुजतो मा?"

"बघूक नाय मी अजून ती!"

"तुमी केलास ना? मगे काय बघूचा?"

याला त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते तोंडातून निघण्यासारखं नव्हतं.

नवमीला सकाळी त्याने स्वतःची हत्यारं मांडली. ऐरण, घण, हातोड्या, करवती, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. त्या दिवशी हत्यार पुजलं की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हा त्याच्या बापाचा आणि बापाच्या बापाचा नेम. मग तो धुतलेला सदरा घालून गुप्त्यांच्या घरी गेला.

मागच्या व्हरांड्यात स्टँड नवरदेवासारखं नटून उभं होतं. खांबांना झेंडूचे हार, टेकूंवर हळदकुंकवाची बोटं, बाकावर आंब्याची डहाळी. मधुकरचे वडील भाऊ, पेन्शनीतले गृहस्थ, सोवळं नेसून आरती आटपत होते.

"ह्येच्यार वजन सोडून बघूचा रवला आसा," काशीराम म्हणाला.

"काय सोडून?" भाऊंनी विचारलं.

"दांडो. तीनशे रत्तल लावून वरसून सोडतंय. मोडता काय बघतंय."

भाऊंनी निरांजन खाली ठेवलं. "आज? पुजलेल्या वस्तूवर लोखंड आपटणार? देवीसमोर? अहो, तुम्ही लोहाराचं काम करता ना? तुमच्या घरी खंडेनवमी पाळतात की नाही?"

पाळत होते. काशीरामचा घण सकाळपासून माळेतच होता.

मधुकर आतून आला. "मला ठाऊक होतं तुम्ही येणार. डॉक्टरांची खुर्ची मोडलीत, आता माझं स्टँड मोडायला आलात. उद्या दहा वाजता कचेरीतले चौघे येणार आहेत. भाऊ उत्तरपूजा करतील आणि मी पहिल्यांदा दीडशे रत्तल उचलून दाखवणार आहे. त्यात तुम्हाला खोडा घालायचाय."

"उचलू नको."

"का?"

एवढा एक शब्द होता. त्याचं उत्तर तीन शब्दांचं होतं. माझा सांधा कच्चा. काशीराम घाडीने ते तीन शब्द आयुष्यात कधी एकत्र उच्चारले नव्हते. त्याने खांबाकडे बघितलं, मधुकरच्या रुंद छातीकडे बघितलं आणि म्हणाला, "तिरको आधार नाय म्हणान."

"निघा," मधुकर म्हणाला. "निघ म्हणतो ना! पाच मिनिटांत दिसलास तर पोलीस बोलवीन."

मधुकरची बायको कुंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पीठ मळता मळता आलेली, हात तसेच. तिला या लोखंडाच्या प्रकरणाचा पहिल्यापासून राग होता. व्हरांड्यात कपडे वाळत घालायला जागा उरली नव्हती. पण हा भांडकुदळ माणूस "का" ला अडखळला, एवढं तिने पाहिलं.

त्या दिवशी काशीराम जेवला नाही. वनमालेने ताट वाढलं, ते तसंच राहिलं. तिने ताटाकडे बघितलं आणि तिला सगळं कळलं. वीस वर्षं संसार केला होता तिने.

"तुमच्याच हातान वाईट झाला काय ता?"

"गप ऱ्हव."

"जावन सांगा त्याका. त्याचो जीव जातलो."

"जांव दी! तिरको आधार नको म्हणालो तो तोच."

"आणि सांधो कोणाचो?" वनमाला म्हणाली. "जगाच्या वस्तू मोडत फिरतास. एक डाव आपल्या तोंडान आपली चूक सांगूक तुमचा तोंड मोडता काय?"

त्याने ताट सरकवलं आणि बाहेर जाऊन बसला. त्याला बायकोचा राग आला, मधुकरचा आला, भाऊंचा आला, विजेच्या कंपनीचा आला. राग येण्यासारखं आणखी कुणी उरलं नाही, तेव्हा त्याला भीती वाटायला लागली. दीडशे रत्तल म्हणजे एका भरल्या माणसाचं वजन, हे त्याच्या हातांना ठाऊक होतं. माणसाचा गळा किती मऊ असतो, हेही ठाऊक होतं.

दसऱ्याला सकाळी साडेनऊला तो जागचा उठला, शेडीत गेला आणि पूजेतला घण उचलला. उत्तरपूजा व्हायची होती. घणाच्या दांड्यावर कुंकू होतं, माळ अडकली होती, ती त्याने ओढून काढली. "आवशीचो घो!" वनमाला किंचाळली. ती बाई शिवी देणारी नव्हती, पण त्या दिवशी दिली. "पुजलेला हत्यार उचलतास!" तो थांबला नाही. खांद्यावर घण टाकून फाटक ओलांडून तो चालत सुटला. सणाच्या दिवशी असा माणूस बघून रस्त्यातले लोक बाजूला होत होते.

गुप्त्यांच्या व्हरांड्यात कचेरीतले चौघे खुर्च्यांवर बसले होते. दांड्याला थाळ्या चढवलेल्या होत्या. मधुकर बनियनवर, बाकावर उताणा, हात दांड्यावर, उत्तरपूजेआधी नुसता अंदाज घेत. काशीराम मागच्या दारातून आत घुसला आणि त्याने दांड्यावर हात दाबून ठेवला.

"पोलीस!" मधुकर उठून बसत ओरडला. "कुणीतरी जा रे, पोलीस आणा! हा वेडा झालाय!"

"डावो टेकू," काशीराम म्हणाला. आवाज असा आला की त्याचा त्यालाच ओळखू येईना. "डावो टेकू माझ्या हातान बरो झालो नाय. वीज जाय होती. सांधो कच्चो आसा. मी बघूक नाय. माझी चूक."

मधुकर हसला. ते हसू चांगलं नव्हतं. "ऐकलंत? घाडी मिस्त्रीचा सांधा कच्चा! सगळ्या घाटकोपरला अक्कल शिकवणारा घाडी! काल का नाही बोललास? काल तिरका आधार आठवत होता?" पाहुण्यांतला एक हसला, मग बाकीचेही हसले. काशीराम मान खाली घालून उभा राहिला. त्याने आजवर जेवढ्यांना हिणवलं होतं, त्यातला मधुकर सोडून एकही तिथे नव्हता, नाहीतर ज्याला त्याला फार आनंद झाला असता.

"त्यांना बघू दे," कुंदा म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस."

"पडते. तुम्ही त्याच्याखाली झोपणार, कुंकू मी लावते. भाऊ, उत्तरपूजा आत्ता करा."

भाऊंनी सुनेकडे पाहिलं. ती कधी अशी बोलायची नाही. त्यांनी चार अक्षता स्टँडवर टाकल्या, पुटपुटले आणि खांब जरासा हलवला. झाली उत्तरपूजा. काल हेच करता आलं असतं, पण काल कुणाला सुचलं नाही.

थाळ्या आणि दांडा उतरवून ठेवले. काशीरामने घण उचलला आणि डाव्या टेकूच्या टोकावर घातला. खणकन आवाज झाला, तशी शेजारची दोन माणसं कुंपणाशी धावत आली. टेकू हलला नाही. दुसरा घाव घातला. तिसरा घातला. काशीराम घामाने निथळला. दहा घाव घातले. टेकू बोटभर वाकला, पण तो ओबडधोबड, तीनदा भरलेला सांधा तसाच्या तसा राहिला.

"झालं समाधान?" मधुकरने विचारलं. "सणाच्या दिवशी घरात घण वाजवलात, माझा टेकू वाकवलात, पाहुण्यांसमोर तमाशा केलात. आता चालू लागा."

आणि काशीरामच्या अंगात पुन्हा काशीराम शिरला. त्याने घाम पुसला, पाठ ताठ केली, पाहुण्यांकडे एक तुच्छ नजर टाकली. "घाडीचो सांधो आसा," तो म्हणाला. "वीज नसताना केललो. बघून ठेवा." त्याने घण खांद्यावर टाकला आणि दाराकडे वळला. मधुकर पुन्हा बाकावर बसला. एकाने दांड्याला हात घातला.

"आणि उजवा?" कुंदाने विचारलं.

काशीराम दारातच थांबला. "त्येका काय बघूचा? तो माझ्या खात्रीचो."

"डाव्याची खात्री नव्हती, तो टिकला. मग तुमच्या खात्रीचं काय घेऊन बसायचं? उजवा बघा."

"अगं, पुरे झालं!" मधुकर ओरडला.

"वहिनी," काशीराम म्हणाला, "त्या सांध्याचा काम बघा. खवलां बघा. असा काम अख्ख्या मुंबईत…"

"मारा."

तो खरोखर चिडला. एका बाईने, तेही पीठ मळणाऱ्या, त्याला सांधे शिकवावेत! तिला दाखवून द्यायचं म्हणून तो परत आला आणि त्याने घण एकाच हाताने, जेमतेम कमरेइतका उचलला आणि उजव्या टेकूवर सहज टाकला, माशी मारावी तसा.

टेकू तुटून फरशीवर पडला. घरंगळत बाकाखाली गेला आणि मधुकरच्या पायापाशी थांबला.

काशीराम गुडघ्यांवर बसला आणि त्याने तो तुकडा उचलला. वेल्डिंग करताना सांध्यावर काळी खपली धरते. थर झाला की ती ठोकून, घासून काढायची आणि मग पुढचा थर द्यायचा, हे काशीरामने किती जणांना शिव्या देऊन शिकवलं होतं. तुटलेल्या सांध्यात चमकणारं लोखंड नखाएवढं होतं. बाकी सगळी ती काळी खपली, आतल्या आत राहिलेली, आणि वरून सुंदर खवलं. त्या दिवशी चिठ्ठी वाचून रागाच्या भरात त्याने खपली काढलीच नव्हती. ते त्याला आत्ता आठवलं.

मधुकरने आपल्या गळ्याला हात लावला आणि लगेच काढून घेतला. मिस्त्रीच्या वाट्याला आभार तर नाहीच, शिवीही आली नाही. पाहुणे चहाची वाट न बघता एकेक करून उठले.

कुंदा पुढे झाली. तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता आणि म्हणूनच काशीरामला ते सहन झालं नाही.

"मिस्त्री, उजवा न बघताच तुम्ही निघाला होतात," ती म्हणाली.

तुकडा हातात तसाच धरून काशीराम फरशीवर बसून राहिला, आणि त्याला ऊठ म्हणायला कुणी पुढे आलं नाही.